टाकीजवळचा बहावा

वासुदेव गेल्याचा फोन त्याच्या सुनेनं, वैशालीनं केला. सकाळचे साडेसहा वाजले असतील, मी ओट्यावर बसून बुटाची लेस बांधत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच बोलली आणि रडायला लागली. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहायची आजही लाज वाटते. मला वाटलं, अरेच्चा, म्हणजे बहाव्याचं ते विचारायचं राहूनच गेलं! मित्र गेला आणि मी झाडाचा विचार करत होतो. रडू नंतर आलं, पुष्कळ आलं. पण तो पहिला विचार काही हलला नाही. पाच आठवडे झाले, घरात पाहुणा येऊन मुक्काम ठोकून बसावा तसा बसला आहे. म्हणून हे लिहितो आहे.

वासुदेव मोजणी खात्यात होता. मूळचा देऊळघाटचा, घरी भाजीपाल्याची शेती, पण नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्यांची शेतं मोजण्यात गेली. मी एसटीत कंट्रोलर, म्हणजे बुलढाण्याच्या स्टँडवर खिडकीत बसून गाड्या पुकारणारा. दोघंही रिटायर झालो, दोघांनाही शुगर निघाली आणि दोघांनाही डॉक्टरनं रोज तासभर चालायला सांगितलं. आमची दोस्ती ही अशी, गोळ्यांच्या चिठ्ठीवर लिहून मिळालेली. पण काय सांगू, शाळेतले दोस्त विसरलो आणि हा माणूस जिवाला चिकटला.

त्याच्यासोबत चालणं म्हणजे थांबणंच जास्त. आमच्या लेआउटमध्ये अजून निम्मे प्लॉट मोकळे आहेत, त्यावर तरोटा माजलेला, रुई, आघाडा. मी तिकडं कचरा म्हणून पाहायचो. हा मात्र उकिडवा बसायचा. कोणाच्या कंपाउंडच्या फटीतून पिंपळाचं बोटभर रोप निघालेलं असे, ते मला वाकून पाहायला लावायचा. विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेवर गुळवेल किती हात चढली ते मोजायचा. मी वैतागून म्हणायचो, "गवत पाहाले कोणी थांबते काय बे?" तर म्हणे, "मंग तू काय पाहाले आला? माणसं तं घरीबी हायेत."

यातूनच आमचा तो खेळ सुरू झाला. वर्षातली प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा कोणाला दिसते त्याची शर्यत. शेवग्याचं पहिलं फूल, रसवंतीच्या घुंगरांचा पहिला आवाज, रस्त्याच्या कडेला मांडलेले पहिले माठ, गच्चीवर वाळत घातलेल्या पहिल्या कुरडया. नियम एकच, मोजणीवाल्याचा: समोरच्यानं आपल्या डोळ्यानं पाहिल्याशिवाय मान्य नाही. आणि हरलेल्यानं तोंडानं "तू जिंकला" म्हणायचं. बक्षीसबिक्षीस काही नाही, पण ते दोन शब्द त्याच्या तोंडून काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. एकदा माठ मला आधी दिसले, तर हा पठ्ठ्या सरळ कुंभारीण बाईकडं गेला आणि तिनं माठ केव्हा मांडले ते विचारून आला. "कालच्या दुपारी मांडले. मंग काल दुपारी तू कुठी होता, मध्या?" असं भांडण झालं की तीन दिवस आम्ही बोललो नाही. चाललो मात्र रोज, मी रस्त्याच्या या अंगानं आणि तो त्या अंगानं. लोक हसायचे.

त्यातही सगळ्यात मानाचा तो चिखली रोडवरच्या पाण्याच्या टाकीजवळचा बहावा. तो फुलतो एप्रिल सरता सरता. इतक्या वर्षांत एकदाही मला तो आधी दिसला नाही. दरवर्षी वासुदेव. कसं काय, देव जाणे. मी आदल्या दिवशी टक लावून पाहून यावं, काही नसावं, आणि दुसऱ्या दिवशी यानं बोट दाखवावं की तो पाहा, पानाआड.

यंदा संक्रांतीनंतर तो यायचा बंद झाला. "गुडघा दुखून राह्यला बे," म्हणे. बरं, म्हटलं. घरी भेटायला गेलो तर खिडकीला पाठ करून खुर्चीत बसलेला. मी बाहेरचं सांगावं, त्यानं हूं म्हणावं. महिना गेला, दीड महिना गेला. एकटं चालून चालून माझं डोकं फिरलं. मार्चच्या शेवटी एकदा फोनवर विचारलं, "कधी येतो?" म्हणे, "पाहू." त्या "पाहू"नं माझ्या अंगाची आग झाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "बस तू घरीच. इकडं टाकीजवळचा बहावा फुलला."

"मार्च महिन्यात?"

"हाव, मार्च महिन्यात! टाकीच्या अंगानं एक घोस लोंबून राह्यला चांगला वीतभर."

एकही फूल नव्हतं. मी साफ खोटं बोललो. तो घराबाहेर पडावा म्हणून बोललो, असं बायकोला सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण पूर्ण खरं नाही. एकदा तरी जिंकायची हौस होती हो! इतकी वर्षं खिडकीत बसलो, पण न लागलेली गाडी लागली म्हणून कधी पुकारली नाही. लोक सामान घेऊन धावतात, त्यात म्हातारे असतात. आणि म्हातारपणी हे असं करून बसलो... एका म्हाताऱ्याला धावायला लावलं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला त्याचा फोन. मी हसू तयारच ठेवलं होतं, तो शिव्या घालणार म्हणून. तर म्हणाला, "पाह्यला."

"काय पाह्यला?"

"बहावा. टाकीच्या अंगानं हाय घोस. तुहं बरोबर हाय. तू जिंकला."

आणि फोन ठेवून दिला. मला वाटलं, नाटक करतो लेकाचा. खोट्याला खोटं देतो, आणि पाहतो की मध्या आधी कबूल करतो का. म्हटलं, बघू कोण आधी हसतो ते. मुद्दाम फोन केला नाही. त्यानंही केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वैशालीचा फोन आला.

हृदय बंद पडलं, ते आधीपासूनच अशक्त होतं, उन्हाचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. ठीक. मी पाचव्या दिवशी टाकीजवळ गेलो. चारही बाजूंनी पाहिलं. गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा तेवढ्या लटकत होत्या. शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं तर म्हणे, "अजून टाइम हाय ना काका." मग मी मनाशी ठरवूनच टाकलं की वासूनं माझी लबाडी ओळखली आणि जाता जाता मोठेपणा करून गेला. त्या कल्पनेनं बरं वाटलं. दोन-चार दिवस नीट झोपही लागली.

तेरवी झाल्यावर वैशालीला सगळं खरं सांगावं म्हणून गेलो. ती ताटं पुसत होती. ऐकून घेतलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"काका, बाबायचा गुडघा चांगला होता," ती म्हणाली. "डोळे चालले होते. काचबिंदू सांगतला डॉक्टरनं. गेलेली नजर वापस येत नाही म्हणे. बाजूचं काहीच दिसे नाही, समोरचंबी पुसट होऊन राह्यलं होतं. कोणाले सांगू नको, मध्याले तं बिल्कुल नको, असं बजावलं होतं मले."

म्हणजे तो त्या झाडाखाली उभा राहिला, वर पाहिलं, फूल दिसलं नाही... आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला? मध्या म्हणतो तर असणारच, आपल्यालाच दिसत नाही, असं? आणि ते मला कळू नये म्हणून "पाह्यला" म्हणाला?

"त्या दिवशी घरी येऊन काही बोलला का?" मी विचारलं.

"ऑटोवाला सांगे, तासभर झाडाखाली उभे होते. घरी आले, मले पाहत राह्यले. म्हणे, पिवळी साडी नेसली काय तू? मी म्हटलं, हो बाबा. मंग आत जाऊन पडले."

"म्हणजे त्याले रंग दिसला, का नुसता अंदाजानं विचारलं?"

"आता काय सांगू काका... मी पोळ्या करून राह्यली होती. ध्यानच नाही दिलं."

तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा झाला आहे. पिवळा रंग त्याला स्वच्छ दिसला असेल, तर झाडावर काही नव्हतं हेही त्याला त्याच वेळी कळलं असेल, आणि मग पुढचे दोन दिवस तो माझ्या फोनची वाट पाहत असेल. नसेल दिसला, तर माझ्या एका घोसानं त्याची उरलीसुरली नजरही गेली असं समजून तो पडून राहिला असेल. चालताना एक खरं वाटतं, घरी येईपर्यंत दुसरं. बायको म्हणते, सोडून द्या आता. काय सोडू? कोणतं सोडू?

परवा बहावा फुलला. मी मुद्दाम साडेबाराला गेलो. झाडाला पान दिसू नये एवढा पिवळा झाला होता, रस्त्यावरही सडा. मी अगदी खाली जाऊन उभा राहिलो, तो उभा राहिला असेल तिथं, आणि तोंडातून आवाजच निघाला, स्टँडवरचा, मोठा. पंक्चरवाला हातातलं काम टाकून पाहायला लागला. पाहू दे.

"वासू, त्या दिवशी इथं एकबी फूल नव्हतं. मी खोटं बोललो. तुहे डोळे बरोबर होते बे... तुले बरोबर दिसलं होतं."