निपाणीहून आलेल्या रिकाम्या बाटल्या

विद्यापीठात माझं काम बाहेरच्या सहकाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचं. एखाद्या प्रकल्पाला बाहेरून निधी मिळाला, की त्यातलं काही काम दुसऱ्या कॉलेजातले प्राध्यापक करतात. ते करारात लिहिल्याप्रमाणे झालं का, हे मी पाहायचं आणि सही करायची. सही झाली तरच त्यांना पुढचं वर्ष मिळतं. बायको म्हणते, "तुम्ही दूधवाल्याकडूनही करार लिहून घ्याल." मी विचारलं होतं. तो तयार झाला नाही.

तो प्रकल्प सोयाबीनच्या शेतात जमिनीवर फिरणाऱ्या किड्यांचा होता. प्रमुख आमचे प्राध्यापक, बेळगावजवळच्या येळ्ळूरचे; तिकडचं काम त्यांच्या तिथल्या शेतात. निपाणीकडचं काम तिथल्या कॉलेजातल्या एका मॅडमकडे, आणि शेत त्यांच्या सासरचंच. मातीत पेले पुरून ठेवायचे, सकाळी त्यात पडलेले किडे मोजायचे आणि नमुने स्पिरिटच्या बाटल्यांत घालून बेळगावला आमच्या विद्यापीठात पाठवायचे. मॅडमचे तक्ते वेळच्या वेळी येत, बेरजा चोख. बाटल्या मात्र परत आल्या त्या रिकाम्या, धुऊन पुसून, झाकणं लावून.

मी निपाणीची बस धरली.

"सर, करार उन्हाळ्यात झाला," मॅडम म्हणाल्या. "सोयाबीनचा हंगाम म्हणजे आमचा चातुर्मास, हे सही करताना डोक्यातच आलं नाही. या दिवसांत आमचा जीव न मारण्याचा नेम असतो. मी मोजते, फोटो काढते आणि बांधावर सोडून देते." मग म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवल्यावर हा पहिला प्रकल्प मिळाला. हा गेला तर दुसरा कोण देणार?"

सासूबाई पोह्यांची बशी घेऊन आल्या. मला राहवलं नाही. "आक्का, पिकावर औषध मारताच की तुम्ही."

"मारतोय की. त्याचंबी पाप हाय, आमी न्हाय म्हणत न्हाय. पर ते पोटासाठी, अण्णा. बाटलीत भरून कपाटात ठेवायचं, ते कुणाच्या पोटासाठी? पोहे खावा, गार व्हायलेत."

मी पोहे खाल्ले. मग मॅडमचे फोटो तक्त्यांशी ताडून पाहिले. सगळे जुळले. तरी काम करारापेक्षा वेगळं झालं होतं, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. करारच बदलून मिळतो का पाहू, एवढंच मी म्हणालो.

बेळगावला परतून हे सांगितलं, तर प्राध्यापक हसत सुटले. "आता किड्यांनाबी उपास धरायला लावा! लिवा की तांत्रिक अडचण म्हणून. दिल्लीतल्या निधीवाल्यांना काय कळतंय?"

"कळत नाही म्हणूनच खरं लिहायचं," मी म्हणालो. "बाटल्या येळ्ळूरच्या शेतातून तुम्ही भरा. निपाणीचे फोटो आणि आकडे घेऊ."

"म्हणजे पाप सगळं माझ्या डोक्यावर?"

"तुमचा नेम आहे काय?"

"लई शाना हाईस बघ तू," ते म्हणाले, आणि त्यांनी या बदलाला संमतीची सही केली.

मॅडमचा मात्र फोन आला. "सर, खरं कारण वाचून दिल्लीत हसतील." हसू देत, म्हणालो. आणि दिल्लीला पाठवायच्या अर्जात लिहिलं: पाहणीचा काळ चातुर्मासात येतो; या काळात सहकारी जीव मारत नाहीत; नमुन्यांऐवजी फोटो स्वीकारावेत.

उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत मॅडमनी एकदाही फोन केला नाही, तेच मला जड गेलं. शेवटी मंजुरी आली. एकच अट होती: आकार कळावा म्हणून प्रत्येक किड्याशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. मी अहवालावर सही केली. मॅडमना दुसरं वर्ष मिळालं.

पुढच्या पावसाळ्यात पाहणीला गेलो, तर सासूबाई बांधावर उकिडव्या बसलेल्या, हातात पट्टी. समोर एक काळा भुंगेरा भराभरा निघाला होता, आणि सून मोबाइल धरून त्याच्या मागे.

"आरं थांब की रं," सासूबाई त्याला म्हणाल्या. "सोडणारच हाय तुला. तेवढं मापाला उभा ऱ्हा."