राउटरचं मखमली कव्हर

कोकिळाबाईंच्या घरात उघडं असं काही नव्हतं. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनला झालरीचं कव्हर. गॅसच्या सिलिंडरलाही फुलाफुलांचा परकर. कारंजा गावात हायवेवरचे ट्रक धूळ घरपोच आणून देतात, आणि माहेरहून आलेली शिवणमशीन घरात. बाई हात आवरणार तरी कशा?

२००९च्या मार्चात त्यांचे यजमान लक्ष्मणराव, हायस्कुलातून नुकतेच रिटायर झालेले, घरी इंटरनेट घेऊन आले. पुण्याला शिकणारी लेक वेदश्री आता बोलताना दिसणार होती. राउटर फळीवर बसला आणि त्याच संध्याकाळी कोकिळाबाईंनी त्याचं माप घेतलं. मरून मखमल, आत रजईतला उरलेला कापूस, कडेला गोंडे. अँटेना बाहेर यावी म्हणून वर एक काजसुद्धा केलं.

काही दिवस बरे गेले. मग ऊन चढलं आणि वेदश्री अडखळू लागली. "बाबा, मी" म्हणून जी थांबायची ती तोंड उघडं ठेवूनच. लक्ष्मणरावांनी राउटर बंद करून चालू केला, फळी बदलली. शेजारचे भैयाजी आपलं नेट फुकट वापरतात या संशयानं पासवर्डही बदलला आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. भैयाजींकडे कॉम्प्युटरच नाही, हे कोकिळाबाईंनी सांगितल्यावर ते आणखीच चिडले.

शेवटी त्यांनी तक्रार केली. टेलिफोन ऑफिसातून देवेंद्र नावाचा मेकॅनिक आला. तो फाटकात दिसताच कोकिळाबाईंनी कव्हर काढून घडी घालून ठेवलं. आल्यागेल्यापुढे वस्तू झाकून ठेवणं त्यांना बरं वाटत नसे. मग चहा झाला, चिवडा झाला, गावच्या गोष्टी झाल्या. नंतर देवेंद्रनं नेट लावून पाहिलं तर घोड्यासारखं पळत होतं.

"सर, एकदम फास्ट चालून राह्यलं," तो म्हणाला आणि गेला. कव्हर परत चढलं. संध्याकाळी वेदश्री पुन्हा तोंड उघडं ठेवून बसली.

असं दोन-तीनदा झालं. देवेंद्र चिवड्यासाठीच काहीतरी करून ठेवतो, असं लक्ष्मणरावांना वाटू लागलं. त्यांनी थेट वर्ध्याच्या साहेबांना फोन करून त्याची तक्रार केली.

त्याच आठवड्यात कव्हरावर तेल सांडलं म्हणून कोकिळाबाईंनी ते धुवायला काढलं. त्या दिवशी वेदश्री अखंड बोलली, अगदी मेसच्या भाजीपर्यंत. कोकिळाबाईंनी उठून राउटरला हात लावला. गार होता. वाळलेलं कव्हर घालून थोड्या वेळानं पुन्हा लावला, तर तवा. त्यांना वाईट वाटलं. गोंडे फार सुरेख जमले होते.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बिचाऱ्याचा जीव घाबरून राह्यला आत. उन्हाळ्यात आपण तरी रजई घेतो का?"

लक्ष्मणरावांनी कव्हर काढून कपाटात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "कोणाले सांगजो नको."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या शिव्या खाऊन देवेंद्र आला. लक्ष्मणरावांनी त्याला खुर्ची दिली. "अरे, आता मस्त चालून राह्यलं. काय केलं तू?"

देवेंद्रनं काहीच केलं नव्हतं. तरी तो म्हणाला,

"तुमची लाइनच बदलली, सर. ऑफिसातूनच."

"वाटलंच मले," लक्ष्मणराव म्हणाले.

आत कोकिळाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. हसू ओसरल्यावर त्या बाहेर आल्या आणि त्यांनी दोघांनाही चिवडा वाढला. कोणीच नको म्हटलं नाही.