कपाळावरचे हिरे

"भावजी, ह्यांनी चहा घेतला न्हाय अजून... तुम्ही या जरा." सुमनवहिनींचा फोन आला आणि मी समजलो. प्रकाशनं चहाला नाही म्हणावं, असं उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं.

प्रकाश माझा शाळेपासूनचा मित्र, कोल्हापुरात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. मिथेन वायूपासून तो यंत्रात हिऱ्याचे धुळीएवढे कण वाढवायचा. कण अगदी निर्मळ हवा, पण त्यात एक ठरावीक खोट हवीच: कार्बनची एक जागा रिकामी आणि शेजारी नायट्रोजन. अशा कणावर हिरवा उजेड टाकला की तो तांबडा चमकतो, आणि जवळ लोहचुंबक आणला की चमक बदलते. पेशीच्या आतलं तापमानसुद्धा त्यानं मोजता येतं, हे तो माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला मिसळीवर बसून समजावायचा. माझी मिसळ गार व्हायची. वहिनींना तर काहीच पटत नसे.

"इतकी वर्सं हिरं करताय, माझ्या नाकात एक न्हाय."

"अगं, नाकात गेलं तर शिंकशील की!"

कॉलेजला ते यंत्र भंगारात काढायचं होतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं त्यातल्या हिऱ्यांची पूड पसंत केली तरच ते वाचणार होतं. ती पूड तयार झाली नेमकी खंडेनवमीला. पूजेला प्राचार्यांपासून वहिनींपर्यंत आम्ही सगळे कॉलेजात जमलो होतो. यंत्राला झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढ्यात नारळ... आणि बशीत राखाडी पूड. प्रकाश हात धुवायला गेला, तेवढ्यात वहिनींनी अंगारा समजून ती प्राचार्यांसकट आम्हा सगळ्यांच्या कपाळाला लावली.

"घाम पुसू नका कुणी! हिरं हायत ते!" प्रकाश दारातूनच ओरडला. मग पडदे ओढून, आम्हाला डोळे मिटायला लावून त्यानं हिरवा दिवा धरला आणि हिरवा उजेड अडवून फक्त तांबडी चमक दाखवणारा आपला लाल चष्मा वहिनींना दिला.

"अगंबाई... खरंच हाईत की!"

त्यानं एकेकाचं कपाळ ब्रशनं झाडलं आणि पूड आम्लात उकळली. घाम-कुंकू गेलं, हिरे राहिले. पुण्याला पूड पसंत पडली. इतकी चांगली कशी जमली, असं त्यांनी विचारल्यावर प्रकाश म्हणाला, "आमच्या प्राचार्यांच्या कपाळाचा गुण!"

वहिनींचा तो फोन आला त्याच दुपारी अंत्यदर्शनासाठी त्याला कॉलेजात आणलं, तेव्हा त्यानं आदल्या दिवशी लावलेली हिऱ्यांची खेप यंत्रात चालूच होती. दोन मिनिटं शांतता पाळायची म्हणून शिपाई बटणाकडं गेला.

"हात लावायचा न्हाय!" वहिनी कडाडल्या. "ह्यांनी लावलंय ते... वाढतंय अजून आत."

मला हुंदका आवरला नाही. यंत्राच्या त्या घरघरीतच आम्ही सगळे माना खाली घालून उभे राहिलो. शांतता अशी नव्हतीच. प्रकाश असताना तरी कधी होती?