दादाचा हसरा फोटो

सासूबाई त्या वर्षी पानगळ संपेपर्यंत अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला आमच्याकडे होत्या. डेट्रॉइटच्या एका म्युझियममध्ये युद्धप्रचाराची पोस्टर्स आणि सैन्याचे जुने फोटो लागले होते. लेकीला ते बघायचं होतं. घरी एकटीनं काय करायचं, म्हणून सासूबाईही निघाल्या.

पोस्टर्स त्यांनी भराभर पाहिली. फोटोंच्या दालनात मात्र पाय रेंगाळले. त्यांचा थोरला भाऊ लढाईत मारला गेला, तेव्हा त्या शाळेत होत्या. तो गेल्यानंतर पलटणीकडून घरी एक फोटो आला होता. जेवायला बसलेले जवान आणि मध्ये दादा, तोंडभर हसणारा. त्यांच्या आईनं उरलेलं आयुष्य त्या फोटोवर काढलं. पोरगा तिथे मजेत होता, असं ती येईल त्याला सांगायची.

एका भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी होते. पहिल्यात खंदकातले सैनिक चहाचे मग उंचावून हसत होते. दुसऱ्यात तेच सैनिक, हातात तेच मग, पण चेहरे बघवत नव्हते.

"काय लिहिलंय गं खाली?" सासूबाईंनी लेकीला विचारलं.

लेक माझ्याकडे बघायला लागली. मीच सांगितलं, "आई, पहिला फोटो पेपरात आला होता. फोटोग्राफरनं त्यांना हसायला सांगितलं होतं. दुसरा तेव्हा छापू दिला नाही."

"सगळीकडेच असं हसायला सांगतात का?"

"सगळीकडे नसेल," मी म्हणाले. माझं मलाच ते पटलं नाही.

सासूबाई तिथल्या एका बाकावर बसून राहिल्या. पुढचं काही आम्ही पाहिलंच नाही.

परतताना लेकीनं मागच्या सीटवरून विचारलं, "आजी, वॉज ही स्केअर्ड? भीती वाटायची तुझ्या दादांना?"

मी आरशातून डोळे वटारले, पण सासूबाई बोलायला लागल्या होत्या.

"शेवटच्या सुट्टीत आला होता ना, तेव्हा निघायच्या दिवशी बूट घालून पायरीवर बसून राहिला. आई म्हणाली, ऊठ, गाडी चुकेल. तर म्हणतो, चुकू दे. आई हसली. तिला वाटलं, थट्टा करतोय. मी शेजारीच होते. माझा हात त्यानं इतका घट्ट धरला होता, की दुखत होता."

"तुम्ही सांगितलं नाहीत तुमच्या आईंना?" मी विचारलं.

"कशी सांगणार? तो फोटो बघून तर ती जेवायची."

लेक मागे रडतेय, हे मला उशिरा कळलं. सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि मान न वळवताच मागे धरला.