वरळीला ठेवलेलं प्रस्थान

वरळीच्या कातळावर रघू कोळ्याला आधी दिसली ती पगडी. एवढी मोठी आणि एवढी लाल, की मावळता सूर्यच वाटेत कपारीत अडकला असं त्याला वाटलं. मग सूर्य ओरडला, "अहो, कोणी आहे का?" पगडीखाली चिंतामणी होता आणि चिंतामणीखाली भरतीचा समुद्र. गिरगावातला हा प्रभू कारकून दुपारपासून कातळाला असा चिकटला होता, की कालवांनी त्याला आपल्यातलाच समजून अंगावर घर बांधायला घेतलं होतं.

रघूनं त्याला पाठुंगळी मारून खाली आणलं. "रावसाहेब, जीव द्यायचा तर लोक खाली उडी मारतात. तुम्ही वर कशाला गेलात?"

"सराव," चिंतामणी म्हणाला.

मारवाडात, ऐन वाळवंटात, एका संस्थानिकाचा शिकारीसाठी राखलेला रमणा होता. आत हरणं, खुरटी झुडपं आणि मधोमध सरळसोट तांबडा सुळका. त्याचं चित्र पाहिल्यापासून चिंतामणीचं कशात लक्ष लागेना. जन्मात एकदा त्या माथ्यावर उभं राहायचं, बस. मात्र मरायचं नव्हतं. त्यामुळे बेत शिजायला दोन वर्षं लागली. खडक तापायच्या आत, पहाटेच चढायचं. एकानं हालायचं, दुसऱ्यानं दोर धरायचा. तीन आधार पक्के झाल्याशिवाय चौथा सोडायचा नाही. निम्मं पाणी उतरणीसाठी राखायचं. दोर धरायला रघू तयार झाला. दर रविवारी वरळीला तालीम व्हायची, आणि तालमीनंतर रघूची बायको शेवंता दोघांना तळलेले बोंबील वाढायची. प्रभू माणूस पडून मरेल, पण उपाशी मरणार नाही.

"वर जाऊन करणार काय?" शेवंता विचारी.

"उभा राहीन."

"ते तर इथंबी राहता येतं की!"

अठराशे त्र्याण्णवच्या हिवाळ्यात दोन माणसांची दरबारी परवानगी आली. मुहूर्त निघाला, रजा मात्र निघेना. त्यावर आपल्याकडे उपाय आहे. सामान मुहूर्तावर घराबाहेर काढायचं आणि प्रवासाच्या दिशेला कुणाकडे तरी ठेवायचं. प्रस्थान ठेवलं की माणूस निघाला. पाय मागाहून येतात. उत्तरेला जायचं म्हणून दोर, पखाल आणि सुतळी तळाचे जोडे वरळीला रघूच्या झोपडीत आले. अट एवढीच, की ते सामान प्रवास केल्याशिवाय घरी परत न्यायचं नाही.

मग चिंतामणी साहेबापुढे उभा राहिला. रजा मागून गप्प बसता, तरी चाललं असतं. पण जिवाला धोका नाही हे पटवायला त्यानं सगळा बेत सांगितला. पहाट, दोर, पाणी, परवानगी, रघू, अगदी सामान निघालं आहे हेसुद्धा. साहेब खुर्ची पुढे ओढून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "फारच उत्तम! रजा मिळणार नाही. मीच जातो."

साहेबाचा शिपाई ते सामान न्यायला वरळीला आला. शिवाय दोर धरायला रघूच हवा होता. रघूला नाही म्हणता आलं असतं. पण त्या सुळक्याबद्दल दोन वर्षं ऐकून त्याच्याही पायांना खाज सुटली होती. तो गेला.

बेत इतका चोख होता, की साहेबाला खरचटलंही नाही. साहेब माथ्यावर चिरूट ओढत बसला. रघू उभा राहिला. चारी बाजूंना वाळू. ओहोटी लागून पुन्हा कधीच न परतलेला समुद्र. उगवत्या उन्हात सगळं पगडीसारखं लाल झालं, आणि ज्याची पगडी तो गिरगावात खर्डेघाशी करत होता. रघूला पुढे बघवेना.

रघू परतल्यावर चिंतामणी वरळीला आला. बसला नाही.

"तीन आधार सोडले नाहीत ना?"

"नाय."

"पाणी पुरलं?"

"उरलं."

"वर काय होतं रे?"

रघू जमिनीकडे बघत म्हणाला, "काय नाय, रावसाहेब. कबुतरांची घाण."

"मग बरं झालं," चिंतामणी म्हणाला. "नाहीतर उगीच चुटपुट लागली असती."

शेवंतानं बोंबील पुढे केले. त्यानं घेतले नाहीत.

"सामान नेताय ना?" रघूनं विचारलं. "प्रवास करून आलंय. आता घरी न्यायला हरकत नाय."

"सामानानं केला. मी कुठे केला?"

तो पुन्हा वरळीला आला नाही. दोर शेवंतानं दोन खांबांना बांधला आणि त्यावर बोंबील वाळत घातले.