पैलवानाच्या दातांचं कवच

"तोंड उघडा," मी म्हणालो. खुर्चीत आंबवड्याचा दगडू पैलवान बसला होता. तोंड उघडलं ते शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी.

"तुम्ही नाही, तात्या. पैलवानांनी."

"मला वाटलं, वडीलधाऱ्याचं आदी बगत असाल."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. भोरमध्ये माझा दातांचा दवाखाना नवा होता. दात दुखला की लोक आधी लवंग धरायचे, मग मिसरी लावायचे, मग देवाला कौल लावायचे, आणि सगळं थकलं की माझ्याकडे यायचे. न दुखणारे दात घेऊन आलेला हा पहिलाच पेशंट.

शिवऱ्याच्या तात्यांची अट सरळ होती. "थोरला जावई बी पैलवानच. तिशीत बोळका झाला. लोकं त्याला माझा थोरला भाऊ समजत्यात! ह्याचा येक जरी दात पडला, तर सोयरीक मोडली."

जत्रेतली कुस्ती लग्नाच्या आधी होती. दगडूला कुस्ती सोडायची नव्हती आणि पोरगीही. बिचारा बैलासारखा माणूस, पण डोळ्यांत पाणी होतं. मला खरंच दया आली.

कॉलेजात मी बॉक्सरांसाठी केलेले माउथगार्ड पाहिले होते. आधी इम्प्रेशन घ्यायचं, म्हणजे ट्रेमध्ये ओली पेस्ट भरून ती दातांवर दाबायची. त्या ठशात प्लॅस्टर ओतलं की दातांची नक्कल तयार होते. तिच्यावर मऊ प्लॅस्टिकचं कवच बसवायचं. ते त्याच माणसाला बसतं, दुसऱ्याला नाही. माझ्याकडे रंग एकच होता, कवळीचा गुलाबी.

जत्रेत दगडूनं ते घालून सलामी दिली आणि समोरच्या, पालीच्या पैलवानानं हात वर केला.

"पंच, ह्याच्या तोंडात कायतरी हाय!"

आखाडा थांबला. पंच म्हणजे गावचे म्हातारे वस्ताद. त्यांनी गार्ड मागून घेतला, उलटापालटा केला, धोतराला पुसला आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत स्वतःच्या तोंडात घातला. थोडा वेळ चावून पाहिला.

"चव न्हाई," त्यांनी जाहीर केलं. "हत्यार न्हाई."

"मग मला बी पायजे," पालीवाला अडून बसला.

मला आखाड्यात बोलावलं. मी त्याचं तोंड पाहिलं. वरचे पुढचे दात कधीच गेले होते. "यांचं वाचवायला काही उरलेलं नाही," मी सांगितलं.

वस्तादांनी मिशीवर हात फिरवला आणि निकाल दिला. "ज्याला दात हाईत, त्यानं लावावं. ज्याला न्हाईत, त्यानं तक्रार करू नये."

तांब्याभर पाण्यानं गार्ड खळबळून दगडूनं परत घातला. कुस्ती लागली. एकदा पालीवाल्याचं डोकं दगडूच्या जबड्यावर असं बसलं, की आवाज माझ्यापर्यंत आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पालीवाला चितपट होता आणि दगडू गार्ड हातात घेऊन हसत होता. बत्तिशी शाबूत! मी कधी नव्हे तो टोपी उडवली.

तेवढ्यात तात्या गर्दी फोडून आखाड्यात घुसले. हातात मानाचा नारळ, शेंडीसकट, न सोललेला. आनंदानं ते भान हरपले होते. "आरं, माझा जावई हाय ह्यो! दाव ह्यास्नी! सोल दातानं!"

होणाऱ्या सासऱ्याचा शब्द कोण मोडणार? मी "गार्ड! गार्ड!" ओरडलो, पण हलगीपुढे माझं कोण ऐकतो. दगडूनं नारळात दात रोवले आणि मान झटकली. कट्! पुढचा एक दात नारळातच राहिला.

अख्खा आखाडा तात्यांकडे पाहू लागला. अट सगळ्या गावाला माहीत होती. तात्यांनी नारळ पाहिला, जावई पाहिला, आणि मग माझ्यावर बोट रोखलं.

"डाक्टर, तुमचं यंत्र कच्चं निगालं. सोयरीक हाय तशी ऱ्हाईल. दात मातूर तुमी बसवायचा."

मी बसवला. लग्न मुहूर्तावर लागलं.

तेव्हापासून गार्डचं माप घेण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. खेळ कोणता, आणि जिंकल्यावर काय करता?