पिकअपची चोरटी हवा

बॉनेट उघडं असलं की ड्रायव्हरच्या सीटवरून पुढचं काहीच दिसत नाही. समोर पांढऱ्या पत्र्याची भिंत, खालच्या फटीतून गॅरेजवाल्या चाचांचे हलणारे हात, आणि माझ्या मांडीवर त्यांचा स्कॅनर. चिकलठाण्याच्या त्या गॅरेजात मागच्या उन्हाळ्यात एक दुपार मी अशी बसून काढली.

आमची पिकअप जुनी, पेट्रोलवरची. फुलंब्रीहून लोकांची भाजी आणि आलं शहरात पोचवायला वडील ती चालवतात. माझी शाळाही याच गाडीनं झाली. आता ती तापली की सिग्नलला थरथरायची आणि बंद पडायची. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझायचं नाव घेत नव्हता. दुसऱ्या एका गॅरेजात सेन्सर बदलून झाला होता, तरी तेच. एक गिऱ्हाईक गाडी बघून गेलं होतं. वडील सकाळी एवढंच म्हणाले, "आज सापडलं तर ठीक. नायतर संध्याकाळी देऊन टाकतो."

मला गाडी जायला नको होती. वडिलांशी मला फक्त या गाडीत बोलता येतं, दोघंही समोर बघत असतो म्हणून असेल. पण हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"सेन्सर झूट नै बोलता," चाचा म्हणाले. "त्याचं म्हणणं, हवा जास्त, पेट्रोल कम. मग ही चोरटी हवा घुसते कुठून, ते बघू."

त्यांची पद्धत सोपी होती. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका नळीवर क्लीनरचा फवारा मारायचा. जिथं फट असेल तिथून तो आत ओढला जाणार, पेट्रोलसारखा जळणार आणि स्कॅनरवरचा सेन्सरचा आकडा उडी मारणार.

"माय, तू आकडा बघ," वडील मला म्हणाले. "उडाला की ओरड."

धडधाकट गाडीत हा आकडा झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा वरखाली होत राहतो म्हणे. आमचा तळाशी निपचित पडला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. काचेवर कडुलिंबाची सावली हलत होती. वरून एक विमान उतरत गेलं, त्याचा आवाज इंजिनच्या घरघरीत विरघळला. सीट हलकी थरथरत होती. हळूहळू मला वाटायला लागलं की गाडी उभी नाहीच, आम्ही चाललोय, दोन्ही बाजूंना मका आहे, आणि पोचायची कुणालाच घाई नाही.

आकडा उडाला.

"उडाला," मी म्हणाले. पुन्हा म्हणाले. फटीतले हात पुढच्या नळीकडे सरकले. आकडा खाली घसरायला लागला. मी हॉर्न दाबला.

बॉनेटवर धाडकन डोकं आपटलं. "या अल्ला! मार डालती क्या, बेटा?"

"ओरड म्हणलं होतं ना!" वडील हसू दाबत खिडकीशी आले.

"ओरडलेच की."

"कवा?"

चाचा डोकं चोळत आधीच्या नळीकडे वळले. पुन्हा फवारा, पुन्हा उडी. मग त्यांनी इंजिनच्या मागून बोटभर लांबीची काळी नळी उपसली आणि उन्हात धरली.

"ये क्या है, भाऊ? इंजिनला पाणी भरताय का?"

वडिलांनी ती हातात घेऊन फिरवली. "ठिबकची हाय. मीच लावली व्हती. हिला शाळेत नेताना मूळची नळी फाटली, हिचा पेपर व्हता. मागं ठिबकचं बंडल पडलं व्हतं, त्यातला तुकडा कापला. म्हणलं, तात्पुरता."

आता जुनी झाल्यावर ती नळी गार असताना घट्ट बसायची, तापली की सैल पडायची. त्या सकाळचं मला काहीच आठवत नाही. पुस्तकात डोकं असणार.

चाचांनी रबरी नळी बसवली, क्लिप आवळली. इंजिन तापू दिलं. आकडा उठला, बसला, पुन्हा उठला.

तेवढ्यात वडिलांचा फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं. वडील बाजूला गेले नाहीत, खिडकीला टेकूनच बोलले. "नाय, आता नाय द्यायची... व्हय, सापडलं. पोरीनं पकडलं."

"और मैं क्या घास छील रहा था?" चाचा पलीकडून ओरडले.

आता स्कॅनर परत दिला असता तरी चाललं असतं. मी तो मांडीवरच ठेवला. आकडा वर जात होता, खाली येत होता, आणि वडील अजून खिडकीला टेकून होते.